एक बुडालं, मग दोन लावली

आमच्या लेआउटच्या ओपन स्पेसमध्ये दोन मोठी झाडं आहेत. खालच्या कोपऱ्यात अर्जुन, वरच्या कोपऱ्यात कडुनिंब. नवीन राहायला आलेले लोक म्हणतात, ‘वैनी, काय विचार करून लावले हो तुम्ही!’ मी तेवढ्यापुरती हसते. विचार मागून झाला. त्याआधी एक झाड मेलं होतं आणि ते मीच मारलं होतं.

२०१६ सालची गोष्ट. पोस्टातली माझी नोकरी संपत आली होती. नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर सोडून आम्ही बेसा रोडच्या बाजूला या नव्या लेआउटात आलो होतो. महालातल्या घरी मागच्या आवारात कडुनिंब होता. मे महिन्यात दुपारी लाइन गेली, कूलर बंद पडला की अख्खं घर खाटा उचलून त्याच्याखाली जायचं. इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात कळलं की नव्या लेआउटात सगळं मिळतं, सिमेंटची सडक, नाली, पथदिवे. सावली तेवढी मिळत नाही. ओपन स्पेस म्हणजे नकाशावर बगीचा आणि प्रत्यक्षात गाजरगवत.

निघताना त्या जुन्या झाडाच्या निंबोळ्या मी पिशव्यांत लावून घेतल्या होत्या. त्यातलं एक रोप वर्षभरात कमरेएवढं झालं. ते मी जूनच्या शेवटी ओपन स्पेसच्या खालच्या कोपऱ्यात लावलं. तोच कोपरा का, तर तिथली माती सगळ्यात काळी. शिवाय उतार तिकडेच, म्हणजे पाणीही आपोआप मिळणार. आपल्याकडे काळ्या मातीचं कौतुक इतकं ऐकलेलं असतं की यात काय येणार नाही, असंच वाटतं.

जुलैत पाऊस लागला. आळं भरलं ते भरलंच. पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडली. मला वाटलं खत कमी पडलं, म्हणून शेणखत घातलं. ऑगस्टमध्ये चार दिवस उघाड पडली तेव्हा पानं माना टाकून बसली. मला वाटलं तहान लागली. मी बादलीभर पाणी घातलं. पोळ्याला झाडाच्या काड्या झाल्या होत्या.

पोळ्याच्या पाडव्याला, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, धाकट्या बहिणीचे यजमान आले होते. त्यांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. त्यांनी ते रोप एका हातानं उपटलं आणि मुळं माझ्या नाकाशी धरली. मुळं काळी, साल हाताला सुटून येत होती, वास नालीतल्या गाळाचा.

“तहानेनं नाई मेलं, ताई. बुडून मेलं थे.”

“मग पानं का सुकली?”

“मुळं सडल्यावर पाणी ओढंन कोन? आन् तुमी वरून अजून पाणी टाकून राह्यल्या!”

मग त्यांनी संत्र्याच्या भाषेत समजावलं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यातल्या बारीक फटी मिटतात आणि हवा जायला वाट राहत नाही. अशा पाणी धरून बसणाऱ्या जमिनीला ते चिबड म्हणतात. चिबड जमिनीत संत्र्याला डिंक्या रोग लागतो, हे काटोल-नरखेडच्या पोराटोरांनाही माहीत असतं. पोस्टात तीस वर्षं शिक्के मारलेल्या बाईला कुठून असणार?

पिशवीचाही दोष निघाला. निंबाचं सोटमूळ खाली जायला धडपडतं. वर्षभर पिशवीत राहिल्यानं ते तळाशी गोल फिरून जिलबीसारखं झालं होतं. पिशवी फाडताना मी ते पाहिलं होतं आणि कापायला जीव झाला नव्हता.

झाड मेल्याची बातमी पसरली तशा सूचना सुरू झाल्या. कोणाला गुलमोहर हवा होता, कोणाला पिंपळ, एका मुलाला खाण्याचा बदाम. समोरचे रिटायर्ड इंजिनियर काका म्हणाले, झाडच नको, कंपाउंडची भिंत तडकते. तेव्हा मला राग आला होता, पण काकांचं पूर्ण चुकीचं नव्हतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भिंती तशाच तडकतात. मोठं झाड भिंतीला खेटून असलं तर मुळं पायाजवळची ओल ओढतात आणि माती आणखी आकसते. यावर आम्ही दोघांनी टेप धरून तोडगा काढला आणि काकांच्या आक्षेपाखाली तो कागदावर उतरवला. कुठल्याही भिंतीपासून पंचवीस फूट आणि वरच्या बाजूच्या विजेच्या तारांपासूनही तेवढंच. मोठी झाडं आहेत, तीस-चाळीस फूट घेर धरणारी. आज काठी दिसते म्हणून कुंपणाला टेकवून लावायची नाहीत. काकांची सही त्या कागदावर आहे. मी जपून ठेवली आहे, पुढे उपयोगी पडली.

भाऊजींनी सुचवलं, खालच्या कोपऱ्यात कहू लावा. कहू म्हणजे अर्जुन, पुस्तकात अर्जुनसादडा. मी म्हटलं, मला कडुनिंबच हवा. ते म्हणाले, “तुमाले काय पायजे थे नंतर पाहू. आधी जमिनीले इचारा.”

विचारायचं कसं, तेही त्यांनीच दाखवलं. डिसेंबरात पुन्हा आले, येताना सब्बल, म्हणजे पहार, घेऊन. दोन्ही कोपऱ्यांत तीन-तीन फूट खोल गड्डे खणले. खालच्या गड्ड्यात वरपासून तळापर्यंत काळी चिकण माती, मध्ये चुनखडीचे पांढरे खडे. वरच्या गड्ड्यात दीड फुटावर सब्बल ठणकन वाजली. मुरूम, विटांचे तुकडे, गिट्टी. सडक करताना कंत्राटदारानं उरलेला माल तिथे ओतून वर चार बोटं माती पसरली होती. लेआउटातली सगळ्यात वाईट जागा, असं आम्ही सगळे त्या कोपऱ्याला म्हणत होतो.

दोन्ही गड्डे पाण्यानं भरले. पहिलं पाणी धरायचं नाही, ते भेगांत जातं. ते मुरल्यावर दुसऱ्यांदा भरायचं आणि मग मोजायचं. वरच्या गड्ड्यातलं पाणी आमचा चहा होईस्तोवर अर्ध्यावर आलं आणि दुपारपर्यंत गेलं. खालच्यात मी संध्याकाळी काठीला खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी चार बोटंसुद्धा उतरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यात बेडूक होता.

नागपूरची जमीन अशीच दुतोंडी आहे. पश्चिमेकडून आलेला दख्खनचा काळा कातळ इथे येऊन संपतो, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेकडे जुना वेगळा खडक लागतो. त्यात माणसानं भराव घालून घोळ वाढवलेला. एका ओपन स्पेसच्या दोन टोकांना दोन वेगळ्या जमिनी असू शकतात, हे मी त्या बेडकाकडे पाहून शिकले.

मग हिवाळाभर मी या दोन झाडांच्या मागे लागले. रोज सकाळी फिरायला जायचं आणि कुठे कुठलं झाड कसं उभं आहे ते पाहायचं. कडुनिंब दिसायचा तो सडकेच्या कडेला, पडक्या भिंतीच्या फटीत, मुरमाच्या ढिगावर. पाणी साठतं अशा जागी मोठा कडुनिंब मला एकही सापडला नाही. अर्जुन याच्या अगदी उलट. पेंचकडे गेलात तर नदीच्या काठाला पांढुरक्या गुळगुळीत खोडाची उंच झाडं ओळीनं उभी दिसतात, बुंध्याशी पंख फुटल्यासारखे आधार आलेले, ते अर्जुन. पुरात त्यांचे पाय पाण्यात असतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. भारी माती, चुनखडी, थोडाफार खार, सगळं तो चालवून घेतो. त्याचं एकच म्हणणं, लहानपणी ओल तुटू देऊ नका.

कडुनिंबाचं म्हणणं दुसरं. ऊन कितीही द्या, पाणी कमी द्या, माती दगडाची द्या, पण पाय कोरडे ठेवा. नागपुरात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. म्हणजे एकाच जागेला चार महिने तळं आणि चार महिने भट्टी. कडुनिंब भट्टीला घाबरत नाही, तळ्याला घाबरतो. अर्जुनाची भीती भट्टीची, तीही पहिली दोन-तीन वर्षं, मूळ खोलवरच्या ओलीला पोचेपर्यंत. माझा कोपरा चुकला होता, झाड नव्हे.

२०१७ च्या जुलैत दोन्ही लागली, पण एकसारखी नाही.

अर्जुनाचं रोप मी विकत आणलं. पहिल्या ठिकाणाहून सहा फुटी आणलं आणि फसले. पिशवी फाडली तर मुळांचा नुसता गोळा, पिशवीच्या आकाराचा, त्यात माती शोधावी लागे. तिथल्या माणसाला दाखवलं तर म्हणाला, “बाई, झाड उंच पायजे म्हणलं ना तुमी?” ते परत गेलं नाही, पैसेही आले नाहीत. दुसरं रोप चार फुटी, सडपातळ, पण मुळं मोकळी. खालच्या कोपऱ्यात गड्डा खोल करण्याऐवजी रुंद केला. चिकण मातीत खोल गड्डा खणून त्यात छान भुसभुशीत खतमाती भरली की तो पावसाळ्यात बादली होतो, सगळं पाणी त्यातच उतरतं. निघालेली तीच माती परत भरली आणि रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच मातीच्या उंचवट्यावर ठेवलं. पाण्यात उभा राहणारा झाला तरी लहान पोराला एकदम डोहात टाकत नाहीत.

कडुनिंबाला पिशवी दाखवलीच नाही. महालातल्या झाडाच्या पिकल्या निंबोळ्या वेचून आणल्या, गर धुऊन काढला, दोन दिवस सावलीत सुकवल्या आणि वरच्या कोपऱ्यात जागेवरच टोचल्या. यात घाई करावी लागते. निंबोळीची उगवण दोन-तीन आठवड्यांत घसरते, डब्यात ठेवून पुढच्या वर्षी लावू म्हटलं तर काही येत नाही. पाच टोचल्या, तीन उगवल्या, एक ठेवला. लोक हसले. एकीकडे चार फुटी अर्जुन, त्याला लोखंडी ट्री गार्ड, आणि दुसरीकडे विटांच्या रिंगणात बोटभर पोपटी रोप. बकऱ्यांपासून वाचवायला मी त्यावर जुन्या कूलरची जाळी उपडी घातली होती.

दिवाळीपर्यंत अर्जुनानं दीड फूट उंची घेतली. कडुनिंब वितीचा झाला. मग आला २०१८ चा उन्हाळा.

अर्जुनाला आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी तीन बादल्या. रोज लोटा-लोटा नाही. त्यानं वरची दोन बोटं भिजतात आणि मुळंही वरच रेंगाळतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या फाकताना बारीक मुळं तुटतात. म्हणून आळ्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, चांगलं चार बोटं अंथरलं, फक्त खोडाला चिकटू दिलं नाही, नाहीतर वाळवी चढते. दोन मडकी गळ्यापर्यंत पुरून ठेवली, त्यात पाणी भरून वर झाकणी. इतकं करूनही नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला तशी त्याची पानं कडेनं करपली आणि गळाली. मी खोडाला नखानं ओरखडा काढून पाहिला, आत हिरवं होतं. पहिल्या पावसात बुडापासून फुटवे आले. त्यातला सरळ एक ठेवून बाकीचे छाटले. वर्षाची वाढ गेली असं मला वाटलं, पण खाली मूळ बसलं होतं. दिवाळीपर्यंत गेलेली उंची भरून निघाली.

कडुनिंबाला त्या उन्हाळ्यात दहा दिवसांनी एक बादली. बास. दुसऱ्या पावसाळ्यात तो छातीएवढा झाला.

खरी परीक्षा २०१९ ला झाली. मे महिन्यात पारा ४७ च्या वर गेला आणि मग पाऊसच येईना. शहराला पाणी देणारं तोतलाडोह धरण आटलं, जुलैत शहरात आठवड्यातले काही दिवस नळ बंद. पावसाळ्यात! घरात भांडी धुवायच्या पाण्याचा हिशेब चाललेला असताना झाडाला तीन बादल्या कुठून आणायच्या? मी कूलरच्या टाकीचं, भाजी धुतलेलं, एसीच्या नळीचं, सगळं पाणी जमवून अर्जुनाला नेत होते. शेजारच्या काकू म्हणत, “आता याले दत्तकच घेऊन टाका.” कडुनिंबाकडे त्या महिन्यांत मी फिरकलेसुद्धा नाही. एकदा पाहिलं तर त्याला नवीन तांबूस पालवी होती. थोडा रागच आला.

लॉकडाउनच्या उन्हाळ्यात मात्र दोन्ही झाडांची चैन झाली. पाणी घालायला जातो या कारणावर लेआउटातले सगळे पुरुष आळीपाळीनं घराबाहेर पडत होते. अर्जुनाला एवढं पाणी आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. कडुनिंबाला नको तितकं मिळत होतं. तो मुरमात नसता तर पुन्हा तीच कथा झाली असती.

२०२३ च्या सप्टेंबरात, २३ तारखेच्या पहाटे, नागपुरात काय पाऊस झाला ते इथल्या कोणालाच सांगायला नको. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. आमच्याकडे नदी नाही, पण खालचा कोपरा गुडघाभर पाण्यात गेला आणि पाच दिवस तसाच राहिला. अर्जुनाचं पानही पिवळं पडलं नाही. सात वर्षांपूर्वी ज्या जागेवर माझं निंबाचं रोप बुडालं, बरोबर त्याच जागेवर तो उभा होता.

रोगाचं दोघांचंही असतं. अर्जुनाच्या पानांवर पावसाळ्यात गाठी येतात, चामखिळीसारख्या. एका बारीक किडीचं काम आहे. पहिल्यांदा मी घाबरून औषध विचारत फिरले. झाड मोठं झाल्यावर त्यानं काही अडत नाही, आता पाहतही नाही. मध्यंतरी एका हिवाळ्यात कडुनिंबाचे शेंडे तपकिरी होऊन वाळले, झाड जळाल्यासारखं दिसू लागलं. शहरातले बरेच कडुनिंब तसे झाले होते. ढेकण्या नावाची कीड आणि बुरशी मिळून हा उद्योग करतात. लोक तोडायलाच निघाले. तेव्हा त्यांना सांगावं लागलं की नागरी भागात झाडं तोडायला १९७५ चा कायदा आडवा येतो, परवानगी लागते, आणि मुख्य म्हणजे होळीपर्यंत थांबा. होळीनंतर पालवी आली.

माणसांचा रोग जास्त वाईट. अर्जुनाची साल हृदयाला चांगली, हे सगळ्यांना माहीत आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांत हृदय सगळ्यांनाच. एक दिवस पाहिलं तर खोडाला दोन हात लांबीची पट्टी सोललेली. साल पूर्ण गोल निघाली तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड उभ्या-उभ्या मरतं. मी पाटी लावली, ‘साल काढू नये’. पाटी काढली गेली. मग काकूंनी खोडाला हळदकुंकू लावून लाल दोरा बांधला. तेव्हापासून नखही लागलेलं नाही. कडुनिंबाला दातून आणि गुढीपाडवा हे दोन त्रास, पण तो छाटणीसारखा घेतो आणि दुप्पट फुटतो.

सावलीचं विचाराल, तर कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडतो आणि चैत्रात पुन्हा भरतो, मेच्या आत छत्री तयार. अर्जुनही उन्हाळ्याच्या तोंडाशी काही दिवस विरळ होतो. अर्जुनाची सावली आज मोठी आहे, कडुनिंबाची गार वाटते. का ते मला सांगता येत नाही, महालातल्या खाटांचा त्यात हात असावा. कचरा दोघांचाही. जूनमध्ये निंबोळ्या फरशीला चिकटतात, रात्री वटवाघळं येऊन गर चोखून बिया खाली टाकतात. सकाळी झाडणाऱ्या बाईंची बोलणी मी खाते. अर्जुनाची पाच पंखांची लाकडी फळं नालीच्या जाळीत अडकतात. भंडारा-गडचिरोलीकडचे ढिवर लोक याच झाडावर कोसा, म्हणजे रेशमाचे किडे, पाळतात असं सांगून मी त्याची बाजू घेते, तर बाई विचारतात, “मग त्यायले देऊन टाका ना झाड!”

यंदा इंजिनियर काकांनी टेप काढला. अर्जुन अंदाजे तीस फूट. निंबोळीतून उगवलेला कडुनिंब बाविसाच्या आसपास, पण छातीच्या उंचीवर घेर अर्जुनापेक्षा फार कमी नाही. मोजून झाल्यावर काका म्हणाले, कडुनिंबाखाली बाक टाकू, त्यांच्या फाटकापासून जवळ पडेल. मी घरात जाऊन तो सहीचा कागद आणला. झाडच नको, भिंत तडकते, हे वर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

बाक पुढच्या महिन्यात येतो आहे. अर्जुनाखालीही एक हवा, असं काकूंचं म्हणणं पडलं. पण तिथे पावसाळ्यात बसणार कोण, बेडूक?